वसुलीविरुद्ध अपील नाही

ब्रिटनमधील टॅक्स क्रेडिटची योजना ५ एप्रिल २०२५ रोजी कायमची बंद झाली. मुले असलेल्या, कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांच्या बँक खात्यात दर आठवड्याला किंवा दर चार आठवड्यांनी पैसे जमा करणारी ही योजना ६ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली होती. आमचे कुटुंब त्यातील काही वर्षे लाभार्थी होते, आणि त्यांपैकी २००५-०६ या एका वर्षी जादा मिळालेल्या पैशांच्या वसुलीचा हिशेब मिटवताना जे काही पाहावे लागले, ते येथे लिहीत आहे. ज्या कार्यालयाशी हा व्यवहार झाला त्याचे नाव लिहिण्याची मला गरज वाटत नाही. तेथे फोनवर भेटलेली बहुतेक माणसे सौजन्याने बोलली, आणि खरा दोष योजनेच्या आखणीतच होता, असे माझे मत आजही आहे.

माझे पती २००० साली वर्क परमिटवर येथे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला आले. परमिटवर असताना पारपत्रातील शिक्क्यानुसार सार्वजनिक निधीतून कोणताही लाभ घेता येत नसे, त्यामुळे या योजनेशी आमचा संबंध नव्हता. त्या काळच्या नियमाप्रमाणे चार वर्षांनी, म्हणजे २००४ मध्ये, आम्हाला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. त्या सुमारास मुलगी लहान होती आणि मी घरीच होते. सरकारी मदत घेण्याचा विचार आमच्या दोघांच्याही घरी कधी कोणी केलेला नव्हता. परंतु लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटलेल्या एका वहिनींनी ही मदत करखात्यामार्फत मिळते आणि बऱ्यापैकी पगार असलेली घरेही ती घेतात असे सांगितले, तेव्हा आम्ही अर्ज भरला. वहिनींचे म्हणणे खरे होते. एकत्रित उत्पन्न पन्नास हजार पौंडांपर्यंत असलेल्या कुटुंबालाही वर्षाचा ५४५ पौंडांचा किमान हिस्सा पूर्ण मिळत असे.

योजनेची दोन अंगे होती. एक मुलांसाठी आणि दुसरे नोकरी करणाऱ्यांसाठी. दुसऱ्या अंगातच पाळणाघराच्या खर्चाचा हिस्सा मिळत असे. आई आणि वडील दोघेही आठवड्याला किमान १६ तास काम करत असतील आणि पाळणाघर नोंदणीकृत असेल, तर २००५-०६ मध्ये त्या खर्चाच्या ७० टक्के रक्कम मिळे. एका मुलासाठी मात्र आठवड्याला १७५ पौंडांपर्यंतचाच खर्च धरला जाई. माझ्यासारख्या स्त्रीला नोकरी धरता यावी म्हणूनच ही तरतूद केलेली होती, आणि तिच्याशिवाय मी सप्टेंबर २००५ मध्ये एका शाळेच्या कचेरीत आठवड्याला वीस तासांचे काम स्वीकारले नसते, हे आधी सांगून टाकते.

आता हिशेबाची पद्धत. रक्कम ठरे ती आर्थिक वर्षाच्या हिशेबाने, आणि तीही दोनदा. वर्षाच्या सुरुवातीला मागील वर्षाच्या उत्पन्नावरून तात्पुरती रक्कम ठरवून पैसे देणे सुरू होई. वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष उत्पन्न कळवायचे, आणि त्यावरून अंतिम रक्कम ठरायची. उत्पन्न अडीच हजार पौंडांपर्यंत वाढले तर ती वाढ सोडून दिली जाई. त्यापुढील वाढीतील प्रत्येक पौंडामागे ३७ पेन्स परत द्यावे लागत. आयकर भरणाऱ्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल, कारण आगाऊ कर भरून वर्षअखेरीस विवरणपत्र देण्याचीच ही रीत आहे. मात्र करदात्याच्या हाती पगार आलेला असतो आणि त्यातला थोडा वाटा पुढेमागे होतो, तर येथे हाती आलेला पैसा पाळणाघराच्या फीत त्याच आठवड्यात गेलेला असतो.

या वार्षिक हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली होती, जी मला पुढे कागद मांडून बसल्यावरच उमगली. मी सप्टेंबरपासून मिळवलेला पगार केवळ सप्टेंबरनंतरच्या हक्काला लागू होत नव्हता. तो संपूर्ण वर्षाचे उत्पन्न म्हणून धरला जाई आणि दिवसांच्या प्रमाणात वर्षभर पसरला जाई. त्यामुळे एप्रिल ते ऑगस्ट मी घरी असताना, नियमाने आणि योग्य मिळालेल्या पैशांतीलही काही भाग, नंतरच्या नोकरीमुळे मागाहून जादा ठरला. कोणीही चूक केलेली नव्हती. उत्पन्न वाढले तर ते वर्षाच्या मध्यातच कळवणे बंधनकारकही नव्हते, कारण वर्षअखेरच्या विवरणात ते येणारच होते. बंधन होते ते कामाचे तास, पाळणाघराचा खर्च, पतीपत्नी एकत्र राहणे किंवा विभक्त होणे यांसारखे बदल कळवण्याचे.

ते बदल मी नोकरी सुरू होताच फोनवरून कळवले. पाळणाघराची फी महिन्याला पाचशे पौंड होती, म्हणजे आठवड्याला सरासरी ११५ पौंड. फोनवरील व्यक्तीने महिन्याची रक्कम विचारली आणि मी ती सांगितली. पुढे जे मंजुरीपत्र आले त्यात पाळणाघराचा हिस्सा मला वाजवीपेक्षा बराच मोठा वाटला. पत्रात तो आठवड्याच्या दराने दिलेला नव्हता. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतकी रक्कम, एवढीच नोंद असे. दिवस मोजून भागाकार केला तेव्हा उत्तर आले आठवड्याला १२२ पौंड ५० पेन्स, म्हणजे १७५ च्या बरोबर ७० टक्के. महिन्याचे पाचशे आठवड्याच्या रकान्यात गेले होते, आणि संगणकाने कमाल मर्यादा लावून ते १७५ वर आणले होते. मर्यादेची ती कात्री नसती तर आकडा इतका अवास्तव दिसला असता की पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात आला असता. मर्यादेमुळे चूक शहाण्यासारखी दिसू लागली. आम्हाला मिळायला हवे होते आठवड्याला सुमारे ८१ पौंड, म्हणजे दर आठवड्याला ४२ पौंड जास्त येत होते.

मी पुन्हा फोन केला. हेल्पलाइन लागण्यासाठी किती ताटकळावे लागे, हे त्या काळात ती वापरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. पलीकडच्या तरुणाने पडद्यावर पाहून सांगितले की कमाल मर्यादा १७५ आहे आणि त्यानुसारच रक्कम धरली आहे, तेव्हा ती बरोबर आहे. मी महिना आणि आठवडा यांतील फरक समजावला, त्याने नोंद घेतो म्हटले. त्यानंतर नवे मंजुरीपत्र आले, त्यात मुलीची जन्मतारीख आणि पत्ता पुन्हा छापून आला होता आणि पाळणाघराची रक्कम होती तशीच होती. प्रत्येक नोंदीगणिक असे एक नवे पत्र निघे, कधी दोन पत्रे एकाच दिवशी येत आणि त्यांतील रकमा एकमेकींशी जुळत नसत. आधीचे पत्र रद्द झाले की नाही, हे कोठेही लिहिलेले नसे.

दुरुस्ती झाली ती थेट फेब्रुवारीत, आणि ती झाल्याचे आम्हाला पत्राने कळण्याआधी बँकेच्या पासबुकाने कळले. संगणकाची रचना अशी होती की वर्षाच्या मध्यात रक्कम कमी झाली तर तोपर्यंत गेलेले जादा पैसे उरलेल्या आठवड्यांतूनच कापून वर्षाचा हिशेब जुळवायचा. चूक सप्टेंबरपासूनची होती आणि वर्ष संपायला जेमतेम दीड महिना राहिला होता, त्यामुळे कापण्यासारखे फारसे उरलेच नाही आणि खात्यात येणारे पैसे अचानक बंद झाले. पाळणाघराची फी मात्र त्या महिन्यातही पाचशे पौंडच होती. फोन केल्यावर सांगण्यात आले की अडचण असेल तर अतिरिक्त रक्कम मिळू शकते. ती मिळालीही, आणि मिळाली म्हणून आम्ही आभारही मानले. पण ही मदत म्हणजे त्याच वर्षाच्या जादा रकमेत पडणारी भर आहे आणि पुढच्या वर्षी ती वसूल होईल, हे त्या संभाषणात कोणी सांगितले नाही.

वर्ष संपले, आम्ही दोघांची वर्षअखेरची पगारपत्रके समोर ठेवून उत्पन्न कळवले, आणि अंतिम पत्र आले. जादा दिलेली रक्कम सतराशे पौंडांच्या थोडी वर होती. ती कशी झाली याची फोड पत्रात नव्हती. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळी मंजुरीपत्रे तारखेने लावून मी आणि पतींनी स्वतःच ती फोड केली. नऊशेच्या आसपास रक्कम महिना आणि आठवडा यांच्या गोंधळातून आली होती. साडेआठशेच्या आसपास रक्कम माझ्या पगारामुळे आणि पतींच्या वेतनवाढीमुळे उत्पन्नातील वाढ अडीच हजारांच्या सुटीच्या २,३०० पौंड वर गेली, त्याच्या ३७ टक्क्यांची होती. पहिला भाग चुकीचा, दुसरा भाग आखणीचा. पत्रात दोन्हींची एकच बेरीज होती, आणि चालू वर्षाच्या रकमेतून पंचवीस टक्के कपात सुरूही झाली होती.

खरी अडचण येथून पुढे सुरू झाली. कायद्याने आम्हाला अपिलाचा अधिकार होता, पण तो होता अंतिम रक्कम चुकीची ठरवली असेल तर. आमची अंतिम रक्कम बरोबरच होती. आधी दिलेले पैसे चुकीचे होते. ते परत मागावेत की नाही, हा निर्णय पूर्णपणे त्याच कार्यालयाच्या मर्जीवर सोडलेला होता आणि त्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट ठेवलेली नव्हती. राहिला होता तो एक आक्षेपाचा अर्ज, जो त्याच कार्यालयाने वाचायचा आणि त्यानेच निकाली काढायचा. ब्रिटनमधील इतर अनेक सामाजिक लाभांच्या बाबतीत १९९२ च्या कायद्याने असे ठरवले आहे की लाभार्थ्याने काही लपवले असेल किंवा खोटे सांगितले असेल तरच जादा रक्कम वसूल करता येते, आणि त्या निर्णयावर अपील करता येते. टॅक्स क्रेडिट करखात्याच्या धर्तीवर आखले गेल्यामुळे ते संरक्षण या लाभार्थ्यांना मिळालेच नाही. या एका मुद्द्यावर माझे मत त्यानंतर कधी बदललेले नाही.

आक्षेप मान्य होण्याची तेव्हाची कसोटी दुहेरी होती. चूक कार्यालयाची असली पाहिजे, आणि शिवाय लाभार्थ्याला मिळणारी रक्कम बरोबर आहे असे वाटणे वाजवी असले पाहिजे. आमच्या अर्जाचे उत्तर आले ते असे की, रक्कम चुकीची असल्याचे तुमच्या लक्षात आले होते व तुम्ही फोनही केला होता, त्याअर्थी ती बरोबर आहे असे तुम्हाला वाटत नव्हते, सबब वसुली कायम. म्हणजे जी व्यक्ती पत्र न वाचता फडताळात टाकते तिला सूट मिळण्याची शक्यता, आणि जी भागाकार करून फोन करते तिच्याकडून वसुली. पतींनी हे उत्तर दोनदा वाचले आणि त्यांच्या स्वभावाविरुद्ध ते मोठ्याने हसले.

आम्ही मग त्या काळच्या माहिती संरक्षण कायद्याखाली, दहा पौंड शुल्क भरून, आमच्या प्रकरणातील सर्व नोंदी आणि फोन संभाषणांची ध्वनिमुद्रणे मागितली. अशी मागणी केल्यास चाळीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक होते. या मार्गाची माहिती आम्हाला नागरिक सल्ला केंद्रातील एका स्वयंसेवक आजोबांनी दिली. ते निवृत्त रेल्वे कर्मचारी होते आणि त्यांच्या टेबलावर अशा प्रकरणांच्या फायली रचून ठेवलेल्या होत्या. आलेल्या कागदांत माझ्या दुसऱ्या फोनची नोंद होती. रक्कम बरोबर असल्याचे ग्राहकास समजावले, असे त्या तरुणाने स्वतः लिहून ठेवले होते. आमची संपूर्ण बाजू त्या एका ओळीवर उभी राहिली, कारण आता असे म्हणता येत होते की शंका आली, ती विचारली, आणि कार्यालयानेच रक्कम बरोबर असल्याची खात्री दिली. ही नोंद जोडून आम्ही तक्रार केली, स्थानिक खासदारांच्या शनिवारच्या भेटीच्या वेळी जाऊन त्यांच्याकडून पत्र लिहवले, कारण संसदीय लोकपालांकडे तक्रार खासदारामार्फतच नेता येते आणि वेळ आल्यास ती तयारी हवी होती. लोकपालांपर्यंत जावे लागले नाही. २००७ मध्ये पहिला भाग, म्हणजे पाळणाघराच्या चुकीची रक्कम, माफ झाली आणि तेवढी कापलेली रक्कम परत आली. दुसरा भाग वसूल झाला, आणि त्याविरुद्ध आम्ही काही म्हटले नाही, कारण नियमाप्रमाणे तो देणे होताच.

या सगळ्या काळात आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, साताऱ्याहून फोनवर खबर घेत. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. वेतननिश्चितीतील चुकीमुळे अतिप्रदान झाले म्हणून निवृत्तीच्या तोंडावर वसुली लागलेले त्यांचे एक सहकारी होते, त्यामुळे त्यांना विषय समजावून सांगावा लागला नाही. आपल्याकडच्या कारभाराला नावे ठेवण्याची सवय असलेल्या माझ्यासारखीला नंतर एक गोष्ट मान्य करावी लागली. डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा प्रदान अशा काही बाबतींत वसुली करता येणार नाही असे स्पष्ट केले. पगार आणि कौटुंबिक मदत या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळते. परंतु देणाऱ्याच्या चुकीचा भार घेणाऱ्यावर किती टाकावा, हा प्रश्न तेथे न्यायालयासमोर जाऊ शकला.

आमचे प्रकरण एकटे नव्हते, हे पुढे वाचनातून कळत गेले. योजनेच्या पहिल्याच वर्षी, २००३-०४ मध्ये, सुमारे १९ लाख कुटुंबांना मिळून सुमारे दोन अब्ज पौंड जादा दिले गेले होते. तेव्हाच्या संसदीय लोकपाल अ‍ॅन अब्राहम यांनी जून २००५ मध्ये, म्हणजे माझी नोकरी सुरू होण्याच्याही आधी, या योजनेवर विशेष अहवाल दिला. इतर लाभांप्रमाणे येथेही वसुलीची कसोटी कायद्यात असावी, ही त्यांची शिफारस सरकारने स्वीकारली नाही. डिसेंबर २००५ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी उत्पन्नवाढीची सूट अडीच हजारांवरून पंचवीस हजार पौंडांवर नेली. ती पुढच्या वर्षापासून लागू झाली. आमचे वर्ष एकाने चुकले, नाहीतर साडेआठशे पौंडांचा तो दुसरा भाग उद्भवलाच नसता. जानेवारी २००८ मध्ये आक्षेपाची कसोटीही बदलली. लाभार्थ्याला काय वाटले असावे याऐवजी कोणी आपापली जबाबदारी पार पाडली हे पाहिले जाऊ लागले, आणि मंजुरीपत्र तपासून चूक कळवणे हे जबाबदारीच्या यादीत आले. अर्थात पंचवीस हजारांची सूट सरकारला महाग पडत होती. २०११ मध्ये ती दहा हजारांवर, २०१३ मध्ये पाच हजारांवर आणि २०१६ मध्ये पुन्हा मूळच्या अडीच हजारांवर आली. तेरा वर्षांनी आकडा होता तेथेच परतला, आणि त्या काळात जी कुटुंबे ज्या वर्षी सापडली त्याप्रमाणे त्यांचे नशीब ठरले.

आमचे प्रकरण मिटल्यावर ओळखीचे लोक पाकिटे घेऊन येऊ लागले. सर्वांत वाईट दिवस आले ते २०१४ नंतर, जेव्हा चुका आणि फसवणूक शोधण्याचे काम एका खासगी कंपनीला देण्यात आले आणि एकट्या राहणाऱ्या आयांना, तुमच्याबरोबर अमुक पुरुष राहतो, तसे नसल्याचे सिद्ध करा, अशी पत्रे जाऊ लागली. आधीच्या भाडेकरूचे नाव त्या पत्त्यावर कोठेतरी राहिलेले, एवढ्यावरही पैसे थांबत. आमच्याच भागातील एका घटस्फोटित मराठी मुलीला वीजबिल, बँकेची पत्रे आणि न्यायालयाचा निकाल इतके सगळे पाठवूनही आठवडे काढावे लागले. २०१६ मध्ये गवगवा झाल्यावर तो करार पुढे वाढवला गेला नाही.

आता उरलेल्या लाभार्थ्यांपैकी बहुतेक जण युनिव्हर्सल क्रेडिट या नव्या, एकत्रित लाभावर गेले आहेत. त्यात उत्पन्न महिन्याच्या महिन्याला धरले जाते, त्यामुळे वर्षअखेरचा धक्का बसत नाही. मात्र टॅक्स क्रेडिटची जुनी येणी त्या लाभाकडे वर्ग झाली आहेत आणि तेथून कापली जातात. पैसे वसूल करण्यासाठी न्यायालयात जाण्याला सहा वर्षांची मुदत असली, तरी चालू लाभातून कपात करण्याला ती मुदत लागू होत नाही. त्यामुळे मुले मोठी होऊन घराबाहेर पडली तरी त्यांच्या पाळणाघराच्या काळातील रक्कम आजच्या हप्त्यातून गेल्याचे पाहून लोक चकित होतात. माझ्याकडे कोणी असे पत्र घेऊन आले तर मी प्रथम वर्षवार फोड लेखी मागायला सांगते, आक्षेपाचा मजकूर त्यानंतर लिहायला घेते. चूक कोणती आणि आखणी कोणती हे वेगळे केल्याशिवाय कार्यालय दोन्हींना एकच उत्तर देते, आणि ज्यांनी जुनी मंजुरीपत्रे जपून ठेवलेली नाहीत त्यांना ती फोड मिळवण्यासाठी नोंदींची मागणीच करावी लागते. त्या मागणीला आता शुल्क पडत नाही.